पापलेटाखालचं इंजेक्शन

बाबांचं वजन उतरवायचं, असा निर्णय मी घेतला. (बाबांना विचारलं नव्हतं. घरात ग्रॅज्युएट मी एकटीच.)

बाबा म्हणजे कमलाकांत, स्वतःच्या होडीचे तांडेल. वजन एकशे चार, साखर त्याहून बरीच वर, गुडघे संपावर. बोईसरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन उतरायला लागेपर्यंत होडीवर पाय ठेवायचा नाही. त्यामुळे होडी पुतण्या बळवंत न्यायचा आणि बाबा किनाऱ्यावरून त्याला फोनवर शिव्या द्यायचे.

डॉक्टरांनी आठवड्याला एक इंजेक्शन लिहून दिलं. मी उसळले. "हा आळशांचा शॉर्टकट आहे! चाला, कमी खा, बस!"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "यांच्या साखरेला याची गरज आहे. पण इंजेक्शन यांच्याऐवजी चालायला जाणार नाही. दोन्ही लागेल."

इंजेक्शनचं ते पेन घरी आणून मी आईच्या हातात दिलं. "आये, थंड ठेव." (एवढंच म्हणाले. ग्रॅज्युएट माणसं थोडक्यात बोलतात.)

सकाळी फ्रीजमध्ये पेन नाही.

"आये, पेन कुठंय?"

"बर्फाच्या पेटीत. पापलेटाखाली."

"अगं, फ्रीजमध्ये ठेवायचं!"

"त्याला काय थंडी म्हनतेस? तुजा बाबूस दहादा दार उघडतंय. तीस वर्सं मासली टिकवलीय मी, एक सुई नाय टिकवनार?"

पेन दगडासारखं गोठलं होतं. मेडिकलवाला नाक दाबून म्हणाला, "हे फेका. नवीन यायला आठ दिवस."

मग काय, सूत्रं माझ्या हाती! रोज पहाटे बाबा चिंचणीच्या किनाऱ्याकडे चालत आणि मी मागून स्कूटीवर हॉर्न वाजवत. जेवताना त्यांच्या ताटातली एक भाकरी आणि तळलेले बोंबील मी उचलायचे. अन्न टाकणं आम्हाला पाप, म्हणून ते मीच संपवायचे. (त्याग म्हणतात याला.)

आठव्या दिवशी बाबा काट्यावर चढले. दीड किलो कमी! डॉक्टर खूश. "आता इंजेक्शन सुरू करू, चालणंही चालू ठेवा. महिनाभरात होडीचं बघू."

बाबांचे डोळेच भरून आले. मग पुसून माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "डाक्टर, आमच्या मास्तरीनबायला पन चढवा की."

मी चढले. आठवड्यात दोन किलो जास्त.

मी हळूच विचारलं, "डॉक्टर, ते इंजेक्शन... मला चालेल?"

"तुम्हाला त्याची गरज नाही," डॉक्टर म्हणाले. "चाला, कमी खा, बस."

बाहेर आल्यावर बाबांनी हात पुढे केला.

"स्कूटीची चावी दे. उद्यापासून हॉर्न मी वाजवनार."