इटली सोडवणाऱ्याचा नातू

विश्रामबागेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिझ्झाचं दुकान निघालं, त्याच संध्याकाळी आमचे शेजारी तात्या घार्गे कडक इस्त्रीचा शर्ट घालून तिथं गेले. मागवलं काहीच नाही. हात पाठीमागं बांधून भिंतीवरचे इटलीचे फोटो एकेक करून पाहिले आणि काउंटरवरच्या बाईंना म्हणाले, "इटली आमच्या आज्ज्यानं सोडवलीया. म्हटलं बगून यावं, कशी ठेवलीया."

बाईंना वाटलं, महापालिकेचे कुणी साहेब असावेत. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. तात्या पाणी प्यायले, "व्यवस्थित हाय," असा शेरा मारला आणि घरी आले.

तात्या मूळचे वडूजच्या पुढच्या एका गावचे. फौजेत ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि सांगलीत घर बांधलं. स्वतः त्यांनी एकही लढाई पाहिली नाही. "आमच्या वाट्याला नुसतं टायर बदलणं आलं," असं ते मोकळेपणानं सांगत. पण त्यांच्या आजोबांच्या वाट्याला दुसरं महायुद्ध आलं होतं. तात्यांच्या मते ते युद्ध एका बाजूला जर्मनी आणि दुसऱ्या बाजूला खटाव तालुका यांच्यात झालं. इंग्रज मध्ये कुठंतरी होते, "पर कागदं लिवायला."

आपल्याकडं अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. तात्यांच्या बोलीत 'जर्मल'. तर तात्यांच्या घरात जर्मलच्या भांड्याला बंदी. "आज्ज्यानं ज्याला हाकलला त्यात मी च्या पिऊ व्हय?" काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, हुशार. त्यांनी एक मोठं पातेलं आणलं आणि ते अ‍ॅल्युमिनियमचं असल्याचं सांगितलं. तात्यांनी ते बोटानं वाजवून बघितलं. "ह्ये बरं हाय. हलकं हाय," म्हणाले. गेली कित्येक वर्षं त्यांचा चहा त्याच पातेल्यात होतो.

आमच्याकडं चहाला आले की टेबलावर इटली मांडली जायची. मी शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळं ही शिक्षा मला जरा जास्तच.

"ताई, ही साखरंची बरणी म्हंजे डोंगर. वर जर्मल बसलाय. ह्यो चमचा म्हंजे नदी. आपली येरळाच समजा, फकस्त पाणी हाय. आणि ही बिस्किटं म्हंजे आपली पलटण."

एकदा बोलता बोलता आमच्या ह्यांनी दोन बिस्किटं खाल्ली. तात्या गंभीर झाले. "सायेब, पुढची तुकडी खाल्लीसा तुमी."

त्यांच्या या आजोबांची एक गंमत होती. आम्ही इथं राहायला आलो तेव्हा ते नाईक होते. आमची मुलगी मुग्धा दहावीला गेली तोवर हवालदार झाले आणि तिला नोकरी लागली त्या सुमाराला सुभेदार. माणूस गेल्यावरही फौज त्याला इतकी बढती देते हे मला ठाऊक नव्हतं. मिशाही वाढत गेल्या. आधी नुसत्या मिशा होत्या, मग त्यावर लिंबू राहायला लागलं. घरात फोटो मात्र एकही नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "फोटो कवा काडला न्हाई. आज्जी सांगायची तसं दिसत्यात मला."

पुढं मुग्धा नोकरीसाठी इटलीतच गेली. तिला सोडायला विमानतळापर्यंत तात्या आले आणि तिला म्हणाले, "कुणी कमीजास्त बोललं तर सांगायचं, घार्ग्यांच्या शेजारची हाय म्हणून."

मुग्धा लहानपणापासून बिस्किटांची लढाई ऐकत मोठी झालेली. तिनं एका रविवारी बसून इंटरनेटवर नाव शोधलं आणि मला फोन केला. "आई, तात्यांचे आजोबा माझ्यापासून तासाभराच्या वाटेवर आहेत. युद्धात गेलेल्या भारतीय सैनिकांची स्मशानभूमी आहे इथं. तू येतेच आहेस, तर त्यांनाही घेऊन ये."

आमच्या ह्यांचा गुडघा नुकताच बदललेला, त्यामुळं मी एकटीच निघाले होते. मला वाटलं, तात्या उडी मारतील. मी सांगितलं तेव्हा ते कुंडीतली माती उकरत होते. हात थांबला. "नाव हाय? नक्की?"

"गाव, बापाचं नाव, सगळं जुळतंय."

बराच वेळ ते माती सारखी करत राहिले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई. कशाला जायाचं. त्ये आपलं गोष्टीतच बरं हाईत."

आठवडाभर ते आमच्याकडं फिरकले नाहीत. शेवटी काकींनीच निकाल लावला. "आवं, जावा एकदा. नायतर मरंस्तोवर आमाला त्यो जर्मल ऐकावा लागंल."

आम्ही निघालो. विमानतळावर उतरल्यावर तिथल्या अधिकाऱ्यानं विचारलं, कशासाठी आलात. 'फिरायला' असं सांगायचं आम्ही पाठ करून घेतलं होतं. तात्या ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "फॅमिली." त्यानं शिक्का मारला.

पहिले दोन दिवस तात्यांनी इटलीची पाहणी केली. नदीला पाणी आहे, रस्ते बरे आहेत, माणसं मोठ्यानं बोलतात, म्हणजे आपल्यासारखीच आहेत. भाजी बाजारात मुग्धानं एका म्हाताऱ्या विक्रेत्याला सहज सांगितलं, की यांचे आजोबा युद्धात इथं लढले आणि इथंच गेले. म्हातारा टोमॅटो ठेवून बाहेर आला. त्यानं तात्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. मग पिशवीभर द्राक्षं दिली.

"काय म्हणला?" तात्यांनी विचारलं.

"तो लहान होता म्हणे. तळघरात लपले होते. फेटेवाले, सावळे शिपाई आले, त्यांनी त्याला खायला दिलं."

तात्या एरवी लगेच बिस्किटं मांडायला लागले असते. ते द्राक्षांकडं बघत राहिले. चालता चालता मला हळूच म्हणाले, "ताई, मी आपलं म्हणायचो. ही मान्सं खरंच मानत्यात की ओ."

दुसऱ्या दिवशी मुग्धानं गाडी काढली. तात्यांनी कोट घातला होता. गावाबाहेर शेतांच्या मध्ये ती जागा होती. कापलेलं गवत, पांढऱ्या दगडांच्या रांगा, प्रत्येक दगडापाशी एकेक फुलझाड. कुठं कुठं दगडावर देवनागरीत ॐ कोरलेला. परक्या मुलखात आपलं अक्षर असं अचानक दिसलं की माणूस जरा हलतोच.

मुग्धानं दगड शोधला. आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं होतं, पण नाव तेच. वर हुद्दा होता, सिपाही. मी मुग्धाकडं बघितलं, तिनं माझ्याकडं.

तात्यांनी बूट काढले. कडक सलाम ठोकला. "आज्जा, मी आलोय," असं म्हणून ते वाकले, तेव्हा त्यांना दगडाच्या खालच्या बाजूची ओळ दिसली. इंग्रजी आकडा त्यांना वाचता येत होता, तरी त्यांनी मुग्धाला विचारलं, "ह्ये काय गं?"

"वय आहे तात्या. एकवीस."

"कुणाचं?"

"त्यांचं."

तात्या खाली बसले. गवत ओलं होतं, कोट नवा होता, पण बसले. हा हिशोब त्यांनी आजवर कधी केलाच नव्हता. आजोबा म्हणजे मोठा माणूस, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"आगं, ह्यो तर पोरगा हाय," ते म्हणाले. "माझ्या थोरल्याचं पोरगं ह्याच वयाचं हाय. त्याला अजून गाडीची चावी देत न्हाई आमी."

शेजारच्या दगडाकडं सरकून त्यांनी वय वाचलं. मग त्याच्या पलीकडचं. "एकोणीस. बावीस. ह्यो तेवीस. समदी पोरंच की." परत आपल्या दगडापाशी आले. आणि मग ते बोलायला लागले. आजोबांना आजवर ते 'आवं-जावं' करत. ते आता सुटलं.

"ऐक, तुला कळालं का न्हाई कुणास ठाऊक. पोरगा झाला तुला. तू गेलास तवा पोटात हुता, त्यो. त्याचा मी. चांगला निगाला, शाळंत शिपाई हुता, बिडीसुदिक प्याला न्हाई कवा. बायकू तुजी लय खमकी. तिनं दुसरं लगीन न्हाई केलं. तू येणार म्हणून पारावर बसायची आधी. मग बसायची सोडली, पर तुझ्या गोष्टी सांगायची सोडली न्हाई. त्यातल्या निम्म्या तिनंच रचल्या असणार, आता कळतंय मला. गेली ती, झाली कैक वर्षं. आता वाट बगायला कोण न्हाई. तुला काय घाई न्हाई."

बोलता बोलता त्यांचा तळवा दगडाच्या माथ्यावरून फिरत होता, झोपलेल्या लेकराच्या डोक्यावरून फिरतो तसा.

ऊन कलायला लागलं. मुग्धाला संध्याकाळी काम होतं. मी जवळ जाऊन म्हटलं, "तात्या, निघायचं का?"

त्यांनी मान वर केली नाही.

"तुमी व्हा गाडीकडं," ते म्हणाले. "मी बसतो जरा. ल्हान हाय ओ त्यो. असं एकदम उठून येता येतंय व्हय?"

आम्ही दोघी गाडीत जाऊन बसलो. मुग्धानं फोन करून संध्याकाळचं काम रद्द केलं.