रशीदभाईंची हजेरी

रशीदभाईंच्या खिशात एक लाल मार्कर असतो आणि तो कशावर चालेल याचा नेम नाही. आमच्या कारखान्यात ते तयार माल तपासतात आणि खराब नगावर फुली मारतात. तेवढ्यावर थांबतील तर ते रशीदभाई कसले! माझ्या डब्याचं झाकण तिरकं बसतं, म्हणून त्यावर फुली आहे. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी आल्याआल्या तीन खुर्च्यांवर फुल्या मारल्या. "रिजेक्ट! पायात दम न्हाई. पायांचं मला कळतं." नवरदेवाचे मामा हट्टाने त्यातल्याच एकीवर बसले आणि जिलबीच्या ताटासकट खाली आले. रशीदभाई मार्कर हातात घेऊन मामांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

पोलिओमुळे त्यांचा डावा पाय लहानपणीच लुळा पडला. कुबडीशिवाय चालता येत नाही. नवलाख उंबरे गावातल्या आमच्या कारखान्याला कागदावर दाखवायला दिव्यांग कामगार हवे होते, तेव्हा त्यांना घेतलं. साहेब म्हणाले, "तुम्ही घरीच थांबा. पगार खात्यात येईल. कुणी पाहुणे आले तर बोलावू." स्टोअरमधले आम्ही तर जळून खाक झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला रशीदभाई वराळ्याहून तीनचाकी स्कूटरवर डबा घेऊन हजर. वॉचमन म्हणाला, "अहो, तुम्हाला सुट्टी आहे."

"कामच न्हाई दिलं, मग सुट्टी कशाची?"

रोज यायचे आणि गेटवरच्या स्टुलावर संध्याकाळपर्यंत बसायचे. साहेब वैतागले. नाव काढून टाकीन म्हणाले. आयुष्यातली पहिली नोकरी, तीही चाळिशीत. मी बाजूला घेऊन समजावलं, "रशीदभाई, हातचं घालवू नका." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच खराब माल. "घरी बसायचा पगार मला नको, भाऊ."

बाराव्या दिवशी माल घेऊन निघताना गेटवर थांबलेल्या टेम्पोतून त्यांनी सहज एक ब्रॅकेट उचललं. घराला लागूनच असलेल्या ग्रिलच्या दुकानात वर्षानुवर्षं बसून लोखंड बघितलेला माणूस. कडेवरून अंगठा फिरवला. "भोकाची धार न्हाई घासली. हात कापंल कुनाचा तरी." खोकी उघडली, तर सगळा माल तसाच. टेम्पो परत फिरला. दुसऱ्या दिवशी रशीदभाईंना टेबल, खुर्ची आणि मार्कर मिळाला. पहिली फुली त्यांनी त्या खुर्चीवर मारली.

मागच्या महिन्यात त्यांची स्कूटर बंद पडली, म्हणून मी त्यांना घरी सोडायला गेलो. काम लांबल्याने उशीर झाला होता. वाटभर त्यांचं एकच, "वाईच जोरात घ्या, भाऊ." वराळ्यात पोचलो तर त्यांच्या म्हाताऱ्या अम्मा दारात उभ्या.

"कुटं व्हतास रं? किती येळ झाला! जीव टांगणीला लागला माजा!"

मी मधे पडून उशिराचं कारण सांगायला लागलो. रशीदभाईंनी माझा हात धरला.

"सांगू नका. बोलू द्या तिला." त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "चाळीस वरसं घरातच व्हतो, भाऊ. घरात बसलेल्याची कोन वाट बघतं?"

अम्मा बोलतच होत्या आणि रशीदभाई कुबडीवर रेलून, आत न जाता, ऐकत उभे होते.