घोडं द्यायचं ते खोडी सांगून

भाऊ साटमांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा चेहरा नाही पाहिला, दात पाहिले. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत मी नुकतं बिऱ्हाड आणलं होतं. टेम्पोतून कपाट उतरवत होतो, तेवढ्यात तळमजल्यावरच्या खोलीतून एक काटकुळा माणूस हातात चामडं शिवायची आरी घेऊन बाहेर आला.

"वय काय, सावंत?" नाव टेम्पोवाल्याकडून आधीच कळलं होतं.

"पस्तीस."

"आ करा."

आवाजच असा की डॉक्टरबिक्टर असतील असं वाटून मी चक्क आ केला. त्यांनी मान वाकडी करून आत बघितलं आणि जाहीर केलं, "चाळीस धरा. दाढा खोटं बोलत नाहीत." मला एकोणचाळीस पुरी झाली होती. चारचौघांत पस्तीस सांगत जाऊ नका म्हणून बायको वर्षभर कानीकपाळी ओरडत होती. ती कपाटाला टेकून पोट धरून हसली.

साटमांकडे तीन पिढ्या घोडी. आजोबा व्हिक्टोरिया हाकायचे, वडिलांनी लग्नाची बग्गी ठेवली. लगाम, खोगीर, पट्टे, सगळा साज घरीच शिवायचा. मग शहरातल्या घोडागाड्या बंद झाल्या, घोडी गेली, उरली बग्गी आणि चामडं. आता त्याच खोलीत भाऊ, कुंदावहिनी आणि त्यांची एकुलती एक मुलगी नंदा कमरेचे पट्टे, पाकिटं, बॅगा शिवतात. नंदा त्याला घरगुती उद्योग म्हणते. मी त्याला वास म्हणतो, कारण तो माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतो.

मालाबद्दल बोलायची सोय नाही. घोड्यासाठी शिवायची सवय, ती माणसावर आली तरी हात बदलायला तयार नाही. मी एकदा पट्टा सांगितला. जो हाती आला त्याने मला छताला टांगलं असतं तरी तुटला नसता. "पोट जाईल, पट्टा राहील," भाऊ अभिमानाने म्हणाले. कॉलेजातली एक मुलगी छोटीशी पर्स घ्यायला आली, तर हे तिला टाका ओढून दाखवतायत, "घोड्यावरून पडलात तरी सुटायची नाही." ती बिचारी म्हणाली, "आजोबा, मी बसने जाते." भाऊंना त्या मुलीबद्दल मनापासून वाईट वाटलं.

बग्गी अजून भाड्याने जाते. कशी? तर टेम्पोवर चढवून. दादर-माटुंग्याच्या हॉलबाहेर ती उतरवायची, नवरानवरीने तिच्यात बसून फोटो काढायचे, संपलं. पुढे घोडं नाही, जागा रिकामी. पण भाऊ गाडीवानाच्या बैठकीवर फेटा बांधून, लगाम हातात धरून ताठ बसणार. एकदा फोटोग्राफर म्हणाला, "काका, तुम्ही फ्रेममधून बाहेर व्हा ना." भाऊ म्हणाले, "गाडी सोडून मी उतरलो आणि उधळली तर?" आता काय उधळणार होतं, ते विचारायची त्या पोराची छाती झाली नाही.

जगातला प्रत्येक प्राणी त्यांच्या लेखी घोडा. वहिनी चिडल्या की हे मला जिन्यात अडवून कुजबुजणार, "आज आत जाऊ नका, कान मागे टाकलेत." मतं मागायला आलेल्या उमेदवाराला त्यांनी सांगितलं, "तुमचा उजवा मागचा पाय ओढतोय, आधी नाल बघून घ्या." हसायचे ते मात्र ओठ घट्ट मिटून, नुसते खांदे हलवत. जगाच्या तोंडात डोकावणाऱ्या या माणसाने स्वतःचं तोंड कुणाला उघडून दाखवलं नाही.

खोलीत भिंतीवर जुन्या साजाबरोबर चामड्याची झापडं टांगलेली असत, घोड्याच्या डोळ्यांच्या बाजूला लावायची. मी सहज म्हटलं, "घोडा भित्रा असतो म्हणून ना?"

"भित्रा तुम्ही," भाऊ उसळले. "घोड्याला बाजूचं, मागचं सगळं दिसतं. जे बघवत नाही तेसुद्धा. मग त्याचं पाऊल उचलत नाही. म्हणून झापडं."

आता या घराण्याचा एक नियम सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. साटम घोडं द्यायचे ते खोडी सांगून. घेणाऱ्याच्या हातात दोर द्यायचा, पण आपला हात सोडायचा नाही. जनावराच्या एकूण एक खोडी सांगून झाल्या, की मगच सोडायचा. गुणांबद्दल अवाक्षर नाही. गुण ज्याचे त्याला दिसतात म्हणे.

शेवटची घोडी मोती अलिबागच्या एका माणसाला दिली तेव्हा मी गॅलरीतून बघत होतो. भाऊ दोर धरून सांगतायत, सांगतायत. पाणी हलवून द्या, डाव्या अंगाने जाऊ नका, भोंगा वाजला की बुजते, तेव्हा मानेवर हात ठेवा. तो माणूस कंटाळला. "अहो, एवढ्या खोडी आहेत तर घ्यायची कशाला मी?"

"घेऊ नका," भाऊ म्हणाले. "पण घेतलीत तर ऐकून घ्या. खोड ठाऊक नसली की माणूस पहिल्याच दिवशी चाबूक काढतो."

टेम्पो निघाला तेव्हा हा मनुष्य दोन्ही तळवे कानशिलांना लावून उभा. ऊन लागत असेल म्हणावं तर आभाळ भरून आलेलं. काय हे नाटक, असं मी मनात म्हटलं आणि चहा प्यायला आत गेलो.

नंदाचं लग्नाचं वय झालं आणि चाळीला फुकटात करमणूक मिळाली. पहिलं स्थळ लालबागचं. भाऊंनी मुलाला गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालायला लावलं. दुसरं स्थळ ठाकूरद्वारचं, मुलगा बँकेत. पोहे झाले, चहा झाला, आणि भाऊंनी विचारलं, "मुलाची खोड काय?"

मुलाचे मामा हसून म्हणाले, "खोड? छे हो! आमच्या मुलात नावालाही खोड नाही."

"मग नको," भाऊ उठलेच. "बिनखोडीचं घोडं विकणारा चोर असतो."

चोर म्हटल्यावर कोण थांबेल? मंडळी गेली. वहिनी आतल्या खोलीत डोक्याला हात लावून बसल्या. "या माणसापायी माझी पोरगी घरात राहणार हो सावंतभाऊजी," असं म्हणून त्या रडल्या. नंदा खाली मान घालून बॅगेला टाके घालत राहिली. मला त्या दिवशी भाऊंचा असा संताप आला की सांगता सोय नाही. स्वतःच्या मुलीच्या जन्माशी खेळ चाललाय आणि हा बसलाय घोडी मोजत!

शेवटी मीच एक स्थळ आणलं. माझ्या कचेरीतले परब, माटुंग्याचे. मुलगा समीर सालस, पण परब म्हणजे नाकावर राग. पत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून सख्ख्या भावाशी बोलणं टाकलेला माणूस. मी भाऊंना हात जोडले, "दात बघू नका, चालवू नका, आणि खोड विचारू नका."

पहिल्या दोन गोष्टी त्यांनी ऐकल्या.

"तुमची खोड काय?" थेट समीरलाच. मी डोळे मिटून घेतले.

समीर जरा विचार करून म्हणाला, "सकाळी उठल्या उठल्या माझ्याशी कोणी बोललं तर मी खेकसतो. आणि रागावलो की जेवत नाही."

भाऊंचे खांदे हलायला लागले. "वहिनींना पेढे आणायला सांगा," असं मला म्हणाले. स्वतःच्या बायकोला वहिनी म्हणतोय याचंही भान राहिलं नव्हतं.

लग्न ठरलं, पण वहिनींना धास्ती. त्यांनी नवऱ्याला रवळनाथासमोर उभं करून शपथ घ्यायला लावली. लग्न लागेपर्यंत तोंडाला मुसकं! आणि खरं सांगतो, भाऊंनी ती पाळली. दादरच्या हॉलमध्ये दिवसभर हा मनुष्य कोपऱ्यात उभा राहून पाहुण्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होता. मुलाच्या मावशीला वाटलं, किती अगत्याने बघतायत, म्हणून ती दर वेळी दात काढून हसायची. अक्षता पडल्या, पंगती बसल्या. मी निर्धास्त झालो आणि दुसरा जिलेबीचा वाडगा मागवला.

तो वाडगा तसाच राहिला. खाली, फोटोंसाठी आणलेल्या साटमांच्या बग्गीशेजारी, गाडी दाराशी लागली होती. नंदा वहिनींच्या गळ्यात पडून रडत होती. आणि भाऊंनी नंदाचा हात समीरच्या हातात दिला, पण स्वतःचा सोडला नाही.

"परबसाहेब, तुम्हीही ऐका," भाऊ म्हणाले. "हिच्या खोडी सांगतो."

"अहो, शपथ!" वहिनी किंचाळल्या.

"लग्न लागेपर्यंतची होती. लागलं." भाऊंनी घसा खाकरला. "आवाज चढवलात की ही हलायची नाही. दिवस गेला तरी जागच्या जागी. ओढू नका. जरा थांबलात की आपली आपण येते. भूक लागली की सांगत नाही, भांडते. भांडायला लागली की आधी ताट वाढा, मग बोला. घोरते."

"बाबा!" नंदा रडता रडता ओरडली.

परब लालबुंद. मागे त्यांच्याकडच्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या. "साटम, मुलगी देताय की घोडी विकताय?"

"विकायची असती तर गुण सांगितले असते," भाऊ म्हणाले.

परबांचं तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. मी मनात म्हटलं, गेलं, लागलेलं लग्न मोडलं या माणसाने. तेवढ्यात समीर हळूच म्हणाला, "आणखी?"

भाऊंनी त्याच्याकडे बघितलं. "दुखलं खुपलं सांगत नाही. आरी बोटात घुसली होती, तर चिंधी बांधून दिवसभर शिवत बसली. चालीवरून ओळखायचं. विचारलंत तर नाही म्हणेल." मग दाराशी लागलेल्या गाडीकडे बघितलं. "आणि गाडी निघाली की मागे वळून बघते. शाळेत जायची तेव्हापासूनची खोड. ती मोडू नका. बघूक देवा तिका."

आणि त्यांनी हात सोडला.

परब खाकरले, काहीतरी बोलायला गेले आणि नुसतंच भाऊंच्या खांद्यावर थोपटून गाडीत जाऊन बसले. नाकावर राग असलेल्या माणसाचं नाक मी पहिल्यांदाच लाल झालेलं पाहिलं. आणि मी, इतकी वर्षं या माणसाची टिंगल करून चाळीला हसवणारा, जिन्याच्या कठड्याला धरून उभा होतो. माझीही मुलगी मागेच सासरी गेली. मी तिच्या सासऱ्यांना सांगितलं होतं, आमची मुलगी गुणी आहे हो. बस्स, एवढंच.

गाडी निघाली. नंदा वळली, मागच्या काचेला अगदी नाक लावून. आणि ज्यांच्याकडे बघायला वळली ते कुठे? तर आपल्या रिकाम्या बग्गीपाशी पाठ करून उभे, दोन्ही तळवे कानशिलांना घट्ट लावून. तसेच, मोती गेली त्या दिवशी उभे होते तसे. मला तेव्हा कळलं की ते नाटक नव्हतं.

वहिनी पुढे झाल्या. डोळ्यांतून धारा लागलेल्या, तरी त्यांनी नवऱ्याची मनगटं धरून खाली ओढली आणि त्यांना वळवलं.

"काढा ती झापडं," त्या म्हणाल्या. "बघतेय ती."

भाऊंनी बघितलं. गाडी वळणाला जाईपर्यंत बघितलं. मग त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ते भर रस्त्यात आ करून, हुंदके देत रडायला लागले. सगळ्या जगाचे दात बघणाऱ्या माणसाचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. बरेच पडले होते.