मसुदेरावांचे प्रस्थान

मेहुणीचे पत्र जरा नीट करून द्यावे, एवढेच मसुदेरावांनी त्या रविवारी सकाळी ठरवले होते. चहा पिता पिता माणूस असले बरेच काही ठरवतो आणि कप विसळेपर्यंत विसरूनही जातो. मसुदेराव विसरले नाहीत, आणि तिथेच सगळे बिनसले.

मसुदेराव हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयात बावीस वर्षे पत्रांचे मसुदे लिहून लिहून ते त्यांना चिकटले होते, आणि खरे सांगायचे तर त्यांना आवडायचेही. शहरात कुठेही पाइप फुटला, रस्त्यात तळे झाले, लोक बादल्या घेऊन कार्यालयावर चालून आले, तरी मसुदेरावांच्या पत्रात 'पाण्याचे अनपेक्षित निर्गमन होत असल्याचे निदर्शनास आले आहे' असे शांतपणे लिहिलेले असे. पाइप कोणी फोडला आणि कोणी दुरुस्त करायचा, याचा पत्ता शेवटच्या ओळीपर्यंत लागत नसे. बावीस वर्षांत त्यांनी एकाही पत्रात 'मी' हा शब्द लिहिला नव्हता. ('मी' लिहिले की चौकशी लागते, असे ते नव्या कारकुनांना सांगत.) ही सवय त्यांच्याबरोबर घरीही आली होती. फ्रिजवर चिठ्ठी असे: 'दूध संपुष्टात आले आहे.' ते कोणी संपवले हे बायकोला पक्के माहीत असे, पण कागदोपत्री काही सिद्ध करता येत नसे.

मेहुणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. आईवडील गेल्यावर पंधराव्या वर्षी ती या घरी आली, इथे राहूनच नर्सिंग शिकली, आणि आता अकरा वर्षे सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात काम करत होती. तिला आफ्रिकेतल्या एका मिशनच्या दवाखान्यात जायचे होते. मिशनच्या मंडळाने तिची निवडही केली होती. पण मंडळाचा नियम असा, की जाणाऱ्याने आपले चाळीस आधारदाते आपणच जमवायचे. आधारदाता म्हणजे दोन वर्षे दरमहा थोडीफार रक्कम मंडळाकडे पाठवीन, असा फॉर्म भरून देणारा माणूस. फॉर्मवर जाणाऱ्याचे नाव नसे, कोपऱ्यात नुसता एक क्रमांक असे. महिनाअखेरपर्यंत चाळीस फॉर्म झाले नाहीत तर ती जागा दुसऱ्या कुणाला मिळणार होती, आणि चार महिन्यांत मेहुणीचे सात फॉर्म झाले होते. त्यातले दोन याच घरातले. पेशंटच्या उशाशी ती तासन्‌तास उभी राहील, पण दुकानदाराकडून आपलेच उरलेले सुटे पैसे मागून घ्यायचे म्हटले की तिचे कान लाल व्हायचे.

तिने मदतीसाठी लिहिलेले पत्र तीन वाक्यांचे होते. 'मी नर्स आहे. आफ्रिकेतल्या मिशनच्या दवाखान्यात दोन वर्षं काम करायला मला जायचं आहे. तुम्ही मला मदत कराल का?'

मसुदेरावांनी ते वाचले, चष्मा काढला आणि पुसून परत लावला. पत्र तेवढेच राहिले.

"काय वाईट आहे त्यात?" बायकोने विचारले.

"वाईट काही नाही. उघडं आहे. असं अंगावर काही न घालता पत्राला चारचौघांत पाठवत नाहीत."

मग त्यांनी दुपारपर्यंत बसून पत्राला कपडे चढवले. 'सविनय कळविण्यात येते की, आफ्रिका खंडातील रुग्णसेवेची निकड विचारात घेता, तेथील मिशनच्या दवाखान्यात सेवेकरिता प्रस्थान करण्याचे निश्चित करण्यात आले आहे. सदर प्रस्थान तूर्त दोन वर्षांकरिता असून, मुदतवाढीची शक्यता नाकारता येत नाही. तरी सोबतचा फॉर्म भरून आपला मासिक आधार मिळावा, ही विनंती.' खाली 'आपला नम्र' आणि त्याखाली, हाताला सवयच असल्यामुळे, मसुदेरावांची झोकदार सही.

बायकोने पत्र दोनदा वाचले. "यात ती कुठाय?"

"अध्याहृत आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आहे, पण दिसत नाही."

"भांडी घासायच्या वेळी तुम्ही असता तशी," बायको म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

मेहुणी ड्यूटीवरून थकून आली होती. तिने पत्र वाचले, आणि भाऊजींनी एवढे कष्ट घेतलेले पाहून तिला भरून आले. "छान वाटतंय, भाऊजी. नीटसं कळलं नाही, पण छान वाटतंय." मसुदेरावांना याहून मोठी पावती नको होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी शंभर प्रती काढल्या आणि कार्यालयात, इमारतीत आणि नाक्यावरच्या दुकानांत स्वतः फिरून वाटल्या.

पहिला फॉर्म संध्याकाळीच आला, आणि तोही वरच्या मजल्यावरच्या शिंप्याचा. या शिंप्याच्या मशीनमधून 'कर्कश ध्वनीचे उत्सर्जन होत असल्याबद्दल' मसुदेरावांनी आजवर अकरा तक्रारअर्ज केले होते. दोघे जिन्यात समोरासमोर आले की एकाला अचानक बुटाची नाडी बांधायची असे. तो शिंपी आज आपण होऊन खाली आला होता.

"तूर्त दोनच वर्षं ना?" त्याने विचारले.

"तूर्त दोन."

"पण वाढतात म्हणे पुढे."

"वाढू शकतात. काम आवडलं की माणूस तिथेच रमतो, असं ऐकलंय."

"मग माझे दुप्पट लिहा," शिंपी म्हणाला, आणि गुणगुणत जिना चढून गेला. मसुदेरावांना वाटले, आपण या माणसाला ओळखलेच नाही.

नाक्यावरच्या औषधवाल्यानेही फॉर्म भरला, पण त्याआधी त्याने काळजीने चौकशी केली.

"जायचं कधी?"

"पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात."

"लस घेतली?"

"घेतली. दंड चांगलाच सुजलाय."

औषधवाल्याने काउंटरवरून वाकून मसुदेरावांचे दोन्ही दंड पाहिले. "आणि घरी काय वातावरण?"

"आनंदी. बायको तर सगळ्यात जास्त खूश आहे. रोज एकेक वस्तू आणून बॅगेत भरतेय."

 औषधवाल्याने फॉर्म भरला, खोकल्याच्या गोळ्यांचे एक पाकीट मसुदेरावांच्या हातात ठेवले आणि पैसे घ्यायला नकार दिला. "तब्येतीला जपा," एवढेच म्हणाला.

पण कमाल केली ती कार्यालयाने. भिंतीवरच्या घड्याळाची वर्गणी जमायला जिथे दोन वर्षे लागली होती, तिथे एका दिवसात तेवीसच्या तेवीस माणसांनी फॉर्म भरले. लोक आपली कामे बाजूला ठेवून मसुदेरावांच्या टेबलाशी रांगेने उभे राहिले. पत्राचा परिणाम, मसुदेराव मनात म्हणाले. (तो पत्राचाच होता, याबद्दल वाद नाही.) दुपारी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावले आणि चक्क बसायला सांगितले.

"तिथं लिहिण्याचं काम बरंच असेल?"

"लिहिण्याचं फार नाही, साहेब. मुख्य म्हणजे बाळंतपणं."

साहेबांनी पेन खाली ठेवले. "बाळंतपणं."

"दिवसाला चार-पाच तरी."

"आणि त्याचा काही अनुभव?"

"अकरा वर्षांचा. बहुतेक सगळा रात्रपाळीचा."

साहेब कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. बावीस वर्षे ज्याला आपण ओळखतो असे वाटत होते, त्याच्याकडे बघावे तसे. "तरीच दुपारी तुमचा डोळा लागायचा," ते हळूच म्हणाले. "मी काय काय बोललो असेन तुम्हाला. माफ करा, मसुदेराव."

साहेबांनी माफी का मागावी, हे मसुदेरावांना कळले नाही. पण बावीस वर्षांत पहिल्यांदाच मिळत होती, म्हणून त्यांनी ती घेतली.

शुक्रवारी एकूण त्रेचाळीस फॉर्म झाले. मेहुणीने ते तीन वेळा मोजले आणि मग बहिणीच्या गळ्यात पडून रडली. फॉर्म शनिवारी मंडळात नेऊन द्यायचे ठरले. शुक्रवारीच साहेबांनी 'संध्याकाळी निरोपाचा छोटासा कार्यक्रम ठेवलाय, घरच्यांनाही आणा' असे सांगितले, तेव्हा मेहुणीचा सत्कार आहे असे समजून मसुदेराव तिला आणि बायकोला घेऊन ऐटीत कार्यालयात गेले.

फळ्यावर लिहिले होते: 'मसुदेराव यांना भावपूर्ण निरोप'.

"मधे 'यांच्या मेहुणीस' राहिलंय," मसुदेराव बायकोला म्हणाले. "शब्द गाळायची फार वाईट खोड आहे या लोकांना."

मग त्यांनाच मधल्या खुर्चीत बसवण्यात आले. शिंपीही मशीन बंद ठेवून आला होता आणि पुढच्या रांगेत बसला होता. टायपिस्टबाई दोन शब्द बोलल्या आणि डोळे पुसत खाली बसल्या. मग आवक विभागाचे कारकून उभे राहिले. "मसुदेरावांची जागा कधी भरून निघणार नाही, असं म्हणायची पद्धत आहे," ते म्हणाले. "पण साहेबांनी ती कालच भरली." टाळ्या झाल्या. साहेबांनी मसुदेरावांच्या डोक्यावर एक मोठी उन्हाची टोपी घातली, हातात एका माणसाला पुरेल अशी मच्छरदाणी दिली, आणि आफ्रिकेतली बाळे भाग्यवान आहेत असे म्हणाले.

बायको कानाशी वाकली. "अहो, हे तुम्हाला पाठवताहेत."

 शिंपी, औषधवाला, साहेबांची माफी, सगळे मसुदेरावांना एकदम उलगडले. बायकोच्या पर्समध्ये त्रेचाळीस फॉर्म होते, आणि त्यातले छत्तीस त्यांना घालवण्यासाठी भरलेले होते. आज गप्प बसावे, उद्या फॉर्म मंडळात पडू द्यावेत, मग सोमवारी व्हायचे ते होवो, असेही त्यांच्या मनात येऊन गेले. खोटे कशाला बोला, आलेच. पण तेवढ्यात मेहुणी त्यांच्या बाहीला धरून हलकेच म्हणाली, "भाऊजी, हे असं नको. सांगा त्यांना. फसवून मला नाही जायचं."  आपल्या एका मसुद्याने या पोरीच्या हातातोंडाशी आलेले सगळे घालवले, असे वाटून मसुदेरावांना मेल्याहून मेल्यासारखे झाले.

ते टोपीसकट उभे राहिले. "सदर प्रस्थानासंदर्भात असे स्पष्ट करण्यात येते," त्यांनी सुरुवात केली, "की प्रत्यक्ष प्रस्थानकर्त्याबाबत काहीसा संभ्रम निर्माण झाल्याचे दिसून येत असून..."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टायपिस्टबाईंनी पुन्हा डोळे पुसले.

मसुदेरावांनी टोपी काढली.  "मी," ते म्हणाले, आणि थांबले. मग पुन्हा म्हणाले, "मी जात नाही. मी पत्र चुकीचं लिहिलं. जायचंय ते हिला. ही माझी मेहुणी. नर्स आहे. बाळंतपणं ही करते."

टायपिस्टबाईंनी रुमालाची घडी घालून तो ठेवून दिला. 

"म्हणजे सोमवारी तुम्ही येणार?" साहेबांनी विचारले.

"हो."

"नेहमीसारखे?"

"साडेदहाला."

साहेब सावकाश खुर्चीत बसले. बायकोने पर्स उघडून फॉर्मचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "ज्यांना परत हवेत त्यांनी घ्या. आमचं काही म्हणणं नाही." दोन-तीन हात पुढे झाले, त्यात शिंप्याचा सगळ्यात आधी.

तेव्हा मेहुणी उठली. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज नेटाचा होता. "मी नर्स आहे. तिथे बारा खाटा आहेत आणि एकच नर्स आहे. ती आजारी पडली की वॉर्डाला कुलूप लागतं, आणि चालत आलेल्या बाया तशाच चालत परत जातात. मला तिथे जायचं आहे. तुम्ही मला मदत कराल का?"

"माझा राहू द्या," टायपिस्टबाई म्हणाल्या. मग आवकवाले म्हणाले. मग सगळेच म्हणाले. शिंप्याने पुढे केलेल्या हाताने गठ्ठा नीट सारखा केला आणि म्हणाला, "दुप्पट लिहिलंय ते तसंच ठेवा. तुमच्याकडे बघून, ताई." एकानेही फॉर्म परत घेतला नाही. मसुदेरावांना इतका आनंद झाला की डोळे, नाक एकदमच वाहू लागले, आणि पुसायला हाताशी मच्छरदाणीच होती.

ती पुसून, झटकून, टोपीसह मेहुणीला देण्यात आली. चहा-बिस्किटे आली. बाया मेहुणीला घेरून बसल्या, साहेब स्वतः सगळ्यांना कप देत फिरले, आणि एकूण निरोपापेक्षा बारशालाच जास्त शोभेल असे वातावरण झाले. शेवटी साहेबांनी आपली खुर्ची मेहुणीजवळ ओढली.

"ताई, तुमच्या त्या दवाखान्यात एखादा कारकूनही लागत असेल ना?"

"लागतो," मेहुणी सरळपणाने म्हणाली. "मंडळ शोधतंयच. पण त्याला तिथली भाषा यायला हवी."

खोलीतले सगळे कप जागच्या जागी थांबले. शिंप्याने खिशातून पेन काढले.

"ती शिकायला साधारण किती दिवस लागतात?" साहेबांनी विचारले.

मेहुणीला ते माहीत नव्हते. तिने बहिणीकडे पाहिले.

"तीन महिने," चहात बिस्कीट बुडवत बायको म्हणाली. "मी विचारून ठेवलंय."