लहानू मिस्त्रीचा पापड

पापड वाकला.

लहानू मिस्त्रीने तो कानाजवळ धरून मोडायला घेतला होता. कट्ट असा आवाज यायला हवा होता. आला नाही. पापड जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखा नुसता दुमडला. मिस्त्रीने तो माझ्या हातात दिला, छिन्नी-हातोडा उचलला आणि दोन दिवसांपूर्वी स्वतःच बसवलेल्या टाइल्स फोडायला लागला. त्या दिवशी गुरुवार होता. सोमवारी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं.

मी सोनईत एकटी राहते, मुलगा पुण्याला. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशननंतर खाली बसून अंघोळ बंद, खुर्चीवर बसून शॉवर घ्यायचा. म्हणून जुनं न्हाणीघर तोडलं. तीन आठवडे मी शेजारच्या शांताकडे अंघोळीला जात होते. ती रोज म्हणायची, "या, तुमचंच घर हाय," आणि मी पोचायच्या आत बंब विझवून ठेवायची.

लहानू मिस्त्री साठीचा, सहा फूट उंच. हे नाव त्याला कुणी दिलं देव जाणे. गावात भिंतीची ओल थांबवावी तर त्यानेच. पण एकदा बोलावलेला माणूस त्याला दुसऱ्यांदा बोलावताना विचार करतो. पहिल्याच दिवशी त्याने मला विचारलं, "आक्का, डोकं कुणीकडं करून झोपता?" मला वाटलं, चळला. पण माझी खाट न्हाणीघराच्या भिंतीपलीकडेच होती आणि उशी त्याच भिंतीला. ते बघून म्हणाला, मग तीन हात मारावे लागतील. लोकांना तो दोनच मारतो.

सिमेंटात औषध कालवून ब्रशाने भिंतीवर थर द्यायचा, त्याला तो हात म्हणतो. एक उभा, एक आडवा. पहिला पुरता वाळल्याशिवाय दुसरा नाही. वाळेपर्यंत हा पालथ्या बादलीवर बसून भिंतीकडे बघत राहणार. मला त्याने फोडणी द्यायलाही बंदी केली, वाफ लागेल म्हणून. दोन दिवस मी भाकरीबरोबर कांदा खाल्ला.

टाइल्स बसल्या की पापड. शॉवर लागतो तिथे भिंतीवर दोन तास तांब्याने पाणी मारायचं. मग पलीकडे, माझ्या उशीच्या वर भिंतीला, चिकटपट्टीने एक पापड चिकटवायचा आणि दुसरा समोरच्या भिंतीला. हवाच दमट असेल तर दोन्ही सादळतील. एकच सादळला तर भिंतीत पाणी. पापड उडदाचाच हवा, नाचणीचा म्हणे ढोंगी असतो. "भित खोटं बोलंल आक्का, पापड न्हाई," हे त्याचं नेहमीचं.

तर समोरचा पापड कट्ट मोडला आणि उशीवरचा वाकला.

मी त्याला नाही नाही ते बोलले. फोड बाबा, म्हटलं, मी गुडघा बांधून शांताच्या दारात पडते. चौथी टाइल निघाली आणि खांद्याच्या उंचीवर एक भोक दिसलं. खिळ्याएवढं.

ते भोक मला माहीत होतं. तिसरा हात वाळल्यावर मिस्त्री जेवायला गेला होता. शांताकडून आणलेलं ओलं लुगडं टाकायला घरात जागा नव्हती. मी खिळा मारला, लुगडं अडकवलं, तो यायच्या आत खिळा उपटला आणि भोकात साबण भरला. वर बोटही फिरवलं. मिस्त्रीला ते दिसलं नाही आणि त्याने वरून टाइल बसवली.

मिस्त्रीने नखाने साबण काढला, वास घेतला.

"मीच मारला," मी म्हणाले.

मागे मिस्त्रीने एकाचं काम अर्ध्यात सोडलं होतं, का तर त्या घरमालकाने भिंतीत टूथब्रशची डबी ठोकली. मी वाट बघत उभी राहिले. तो भिंतीकडेच तोंड करून बोलला.

"हौसानंबी मारल्ता. आमच्या न्हाणीच्या भितीला, आरशासाठी. मी म्हनलं, तू मारलास, तूच भोग. केलीच न्हाई दुरुस्त. तिची खाट त्याच भितीला व्हती."

हौसा त्याची बायको. किती वर्षं खोकत होती, सगळ्या गल्लीला ऐकू यायचं. आम्हाला वाटायचं, चुलीच्या धुराने. दोन हिवाळ्यांपूर्वी ती गेली.

तेवढ्यात मुलाचा फोन आला, अजून काम का चाललंय म्हणून. मिस्त्रीने फोन घेतला आणि सांगितलं, "माझ्याच हातनं ऱ्हायलं व्हतं." पुन्हा तीन हात मारले, टाइल्स बसवल्या. रविवारी संध्याकाळी पापड कट्ट मोडला. अर्धा त्याने मला दिला, अर्धा कच्चाच खाल्ला.

ऑपरेशन झालं. महिन्याने मी वॉकर धरून त्याच्या घरी गेले. दुपारी तो आडवा पडला होता, डोकं भिंतीकडे. भिंतीवर ओलीचा हा मोठा डाग. डागाच्या मधोमध खिळा, खिळ्याला आरसा.

मी म्हटलं, आता तरी कर की दुरुस्त.

"मंग आरसा काढावा लागंल," तो म्हणाला.

मी परत आले. माझी उशी अजून न्हाणीघराच्या त्याच भिंतीला आहे. हौसा गेली. मी आहे, आणि खोकत नाही.