आम्हाला काही कमी नाही

बाळंतिणीला मदतनीस द्यायची की नाही हे ठरवायला सरकारी बाई येणार, म्हणून सासूबाईंनी सकाळपासून घर घासून लखलखीत केलं. मदत मागणाऱ्यांनी इतकं चकचकीत दिसू नये, हे त्यांना सांगणार कोण!

बाळ महिनाभराचं. त्याचा बाप परगावी नव्या नोकरीवर, पहिला पगार अजून लांब. घर चालायचं सुनेच्या शिलाई मशीनवर, आणि मशीन बाळंतपणापासून बंद. दुकानदाराचा निरोप आला होता, ‘या आठवड्यात कपडे शिवून आले नाहीत तर काम दुसरीला देतो.’ मदतनीस मिळाली तरच सून मशीनवर बसू शकणार होती.

बाई आली. खुर्चीवर शेजारणीची नवी चादर, टेबलावर शेजारणीचीच फळं, आणि फळांवर नजर ठेवायला खुद्द शेजारीण.

"घरात हिला मदतीला कोणी आहे?" बाईने विचारलं.

"म्हणजे काय! मी खमकी आहे ना!" सासूबाई म्हणाल्या. "इकडची काडी तिकडे करू देत नाही तिला."

बाळाला मांडीवर घेऊन मशीनपाशी बसलेल्या सुनेने मान वर केली. "अहो आई..."

"तू गप्प बस गं. लोकांना वाटेल, आम्ही हाल करतो तुझे."

"आणि मी असतेच की दिवसभर!" शेजारीण तरी कशाला मागे राहते.

बाईने पेनाला टोपण लावलं. "छान. मग मदतनीस नको तुम्हाला."

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "तसं नव्हे हो! माझी कंबर... वाकताच येत नाही मला."

"काहीतरीच! सकाळी पलंग एकटीने सरकवलात की," शेजारीण कौतुकाने म्हणाली. सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की बिचारी मुकाट्याने फळ सोलायला लागली.

बाई सुनेकडे वळली. "तुम्हीच सांगा. विश्रांती मिळते?"

सून बसल्या जागी मशीनवर डोकं टेकून गाढ झोपली होती, आणि बाळ मांडीवरून घसरत होतं. तिघी धावल्या. बाईने त्याला वरच्या वर झेललं. बाळाने टाहो फोडला, तरी सून ढिम्म हलली नाही.

सासूबाईंचे डोळे भरून आले. "रात्र रात्र जागते हो पोर. मला नाही झेपत आता. सांगायची लाज वाटते."

"उद्यापासून मदतनीस येईल," बाळाला थोपटत बाई हळूच म्हणाली. "घ्या याला. मला पुढच्या घरी जायचंय."

सासूबाईंनी दोन्ही हात मागे घेतले.

"उद्यापासून ना? मग आजचं तेवढं तुम्हीच बघा. मी चहा टाकते."