गुलाबी नवरदेव आणि रोडग्यांचा बेत

"यंदा माह्या बागेत एक जरी संत्रं किडलं, तर शेषराव नाव सांगणार नाई!" चांदूर बाजारच्या पानठेल्यावर शेषरावांनी जाहीर करून टाकलं.

तसं कारणही होतं. गेल्या वर्षीचा संत्र्याचा निम्मा आंबिया बहार फळमाशीने खाल्ला होता. माशी सालीत अंडी घालायची, आत अळ्या वळवळायच्या आणि झाडाखाली सडक्या संत्र्यांचा सडा! यंदा मात्र संशोधन केंद्राच्या अनुप साहेबांनी अख्ख्या तालुक्यातून एका प्रयोगासाठी शेषरावांचीच बाग निवडली होती. किरणं मारून निर्बीज केलेले फळमाशीचे हजारो नर बागेत सोडायचे. माद्या त्यांच्याशी संसार मांडणार, अंडीही घालणार, पण त्यातून काही म्हणजे काही निघणार नाही! ओळखू यावेत म्हणून नरांना गुलाबी पूड लावलेली.

"म्हंजे नवरदेवच की!" शेषराव खूश झाले. आता वरात दारी येणार म्हटल्यावर पंगत नको? त्यांनी बागेतच रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा बेत ठरवला आणि पातूरहून व्याही सूर्यभानजींनाही बोलावलं. त्यांचीही संत्र्याचीच बाग. व्याह्यांना दिपवायची संधी कोण सोडतो!

साहेब सकाळीच जाळीच्या पेट्या घेऊन आले. "ऊन चढायच्या आत सोडून देऊ."

"असं कसं साहेब? इवाई रस्त्यात हायेत. ते आल्याबिगर वरात निंगते का कुठं?"

बागेत दाट सावली एका आंब्याखालीच. तिथेच पेट्या ठेवल्या आणि साहेब झाडं पाहायला बागेच्या दुसऱ्या टोकाला गेले, तशा तिथेच गोवऱ्या पेटल्या. शेषरावांच्या पत्नी माणिकबाई म्हणाल्या, "अवो, पेट्याइले धूर लागून राहिला ना!"

"लागू दे! पाहुण्याइले सैपाकाचा वास आला पाह्यजे!"

व्याही उगवले ते भर दुपारी. वांग्याची भाजी, वरण आणि तुपात बुडवलेले रोडगे! पहिल्याच घासाला साहेब घड्याळ विसरले.

"पाह्यलं का इवाई?" शेषरावांनी छाती फुगवली. "गोवऱ्याइचा धूर हाये म्हून ताटावर एक माशी नाई!"

साहेबांचा घास तोंडातच थांबला. ते खरकट्या हाताने पेट्यांकडे धावले, झाकण उघडलं. आत सगळे नवरदेव आडवे! गुलाबी पुडीसकट!

शेषरावांना रडू यायचंच बाकी राहिलं. यंदाचा बहार, साहेबांचा विश्वास, पानठेल्यावरची फुशारकी, सगळंच धुरात गेलं होतं.

सूर्यभानजींनी शांतपणे हात धुतले. "साहेब, पुढची खेप पातूरले पाठवा. आमी सैपाक घरीच करतो."

विषय बदलावा म्हणून शेषराव लगबगीने उठले, लांबच्या झाडाचं एक पिकलेलं संत्रं तोडलं आणि व्याह्यांपुढे धरलं. तेवढ्यात त्यावर एक माशी येऊन बसली.

शेषरावांनी डोळे बारीक करून पाहिलं. चांगली ठणठणीत होती. आणि गुलाबी नव्हती!